‘ताई, कुठवर आलीस?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे

प्रश्न

ठाण्यात राहणाऱ्या आणि एका बँकेच्या लेखापरीक्षण विभागात काम करणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. शाळेच्या ग्रंथालयात जयंत नारळीकरांच्या कथा हाती लागल्या तेव्हापासून त्या विज्ञानकथा आवडीने वाचतात. कॅनडात असलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने या वर्षी वाढदिवसाला जीन वुल्फ या अमेरिकन लेखकाच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या कादंबरीचे पहिले दोन खंड एकत्र बांधलेली प्रत पाठवली. भावाचे हे सर्वांत आवडते पुस्तक आहे आणि दर रविवारी फोनवर तो विचारतो, ‘ताई, कुठवर आलीस?’ तीन महिने झाले तरी त्या पहिल्या खंडातल्या वनस्पती उद्यानाच्या पुढे सरकलेल्या नाहीत. अडलेले शब्द उतरवून घेण्यासाठी त्यांनी वही केली. त्यांतले निम्मे शब्द कोशात सापडत नाहीत, आणि जे सापडतात त्यांचा अर्थ कथेत बसत नाही. न जुळलेली नोंद मागे ठेवून पुढे जाणे आपल्या स्वभावात नाही, असे त्या लिहितात. आपले शिक्षण मराठी माध्यमातले म्हणून इंग्रजी तोकडे पडते आहे, की चाळिशीनंतर डोके पूर्वीसारखे चालत नाही, असा प्रश्न त्यांना पडला आहे. गेल्या काही रविवारी त्यांनी इंटरनेटवरचा सारांश वाचून भावाला ‘पुष्कळ पुढे गेले, छान आहे’ असे सांगितले आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिले आहे. पुस्तक रेटत राहावे की मिटवून ठेवावे, आणि भावाला काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही वहीच्या दोन पानांची छायाचित्रे पाठवलीत हे फार बरे झाले, कारण तुम्ही स्वतःविषयी जे लिहिले आहे त्याच्या नेमके उलट ती पाने सांगतात. या कादंबरीतले आपल्याला काहीच कळत नाही असे पत्रात म्हणता, आणि वहीच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र पेन्सिलीने तुमचीच नोंद आहे: ‘म्हातारा जुने चित्र पुसतोय. ओसाड माळ. चिलखत घातलेला एकटा माणूस, शस्त्र नाही, काठीला ताठ निशाण. शिरस्त्राणाला डोळ्यांसाठी फटी नाहीत, पुढे नुसते सोने, त्यात माळाचे प्रतिबिंब. कोणता राजा? पुढे बघणे.’

एरवी एखाद्या पुस्तकातले गुपित फोडणे मला आवडत नाही. पण हे एक उत्तर मी सांगून टाकते, कारण त्यावरून हे पुस्तक कसे वाचायचे ते उमगते आणि पुढच्या कथानकाला त्याने काही बाध येत नाही. तो राजा नाही. ते चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीराचे चित्र आहे. शिरस्त्राणावरचे सोने म्हणजे सूर्याचा झगझगाट अडवणारा मुलामा. श्वासासाठी किंवा डोळ्यांसाठी फटी नाहीत, कारण बाहेर हवाच नाही. आणि निशाण ताठ आहे, कारण वाऱ्यावाचून ते खाली लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. 1969 साली काढलेली अशी छायाचित्रे तुम्हीआम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. पण कादंबरीतला काळ आपल्यापासून इतका पुढचा आहे की सूर्य मंदावला आहे, चंद्र हिरवा दिसतो, आणि माणूस कधी चंद्रावर पहिल्यांदा उतरला होता ही आठवणच कोणाकडे उरलेली नाही. कथा सांगणारा सेव्हेरियन हा यातना देणाऱ्यांच्या संघातला उमेदवार पोर आहे. कैदेतल्या थेक्ला नावाच्या सरदारकन्येसाठी पुस्तके आणायला तो निघालेला असतो आणि वाटेत त्याला हे चित्र दिसते. त्याला जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो. चित्र पुसणारा म्हाताराही खुलासा करत नाही, आणि लेखक तर कुठेच मध्ये येऊन सांगत नाही.

आता तुमची नोंद पुन्हा वाचा. ओळखीसाठी लागणारी प्रत्येक खूण तुम्ही टिपली आहे. चुकला तो फक्त शेवटचा प्रश्न, आणि तोही तुम्ही सेव्हेरियनवर विश्वास ठेवलात म्हणून चुकला. पहिल्या वाचनात बहुतेक वाचक हे चित्र एखाद्या शूर सरदाराचे समजून पुढे जातात, त्यांच्यात जन्माने इंग्रजी बोलणारेही असतात. तेव्हा ‘मला कळत नाही’ या तुमच्या वाक्याऐवजी ‘मला दिसते आहे, पण त्याचे नाव कोणी सांगत नाही’ असे वाक्य ठेवून पाहा. पुढचे सगळे मी या दुसऱ्या वाक्यावरच बोलणार आहे.

इंग्रजीविषयीची शंका आधी दूर करू. तुमच्या वहीतल्या शब्दांपैकी पुष्कळसे शब्द इंग्लंड-अमेरिकेतल्या सुशिक्षित माणसालाही ठाऊक नसतात. वुल्फ यांनी ते ग्रीक, लॅटिन, बायझंटाइन आणि जुन्या चर्चच्या भाषेतून, प्राचीन सैन्यांच्या नावांतून आणि नामशेष प्राण्यांच्या यादीतून वेचून आणले. ते शब्द इतके आडवाटेचे आहेत की मायकल आंद्रे-ड्रिउसी या अभ्यासकाने त्यांच्यासाठी ‘लेक्सिकन उर्थस’ नावाचा स्वतंत्र कोश तयार केला, जो 1994 साली प्रसिद्ध झाला. ज्या कादंबरीसाठी तिच्याच भाषेतल्या वाचकांना वेगळा कोश लागतो, तिच्यापाशी अडल्यावर आपल्या शाळेला किंवा आपल्या वयाला बोल लावण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय या शब्दांविषयी लेखकाने स्वतः एक खुलासा केला आहे, पण तो पहिल्या खंडाच्या अखेरीस परिशिष्टात आहे. तुमच्याकडची प्रत दोन खंडांची जोडप्रत असल्यामुळे तो अगदी पुस्तकाच्या मध्यावर येतो आणि तिथवर तुम्ही पोहोचलेल्या नाहीत. आज रात्री सरळ तेवढी पाने उघडा. त्यात कथेतले काही उघड होत नाही. वुल्फ तिथे अनुवादकाची भूमिका घेतात आणि सांगतात, की हे हस्तलिखित अजून अस्तित्वात न आलेल्या भाषेत आहे; त्यातल्या ज्या कल्पना विसाव्या शतकात नाहीत, त्यांच्या जागी त्यांनी जवळात जवळचे जुने शब्द ठेवले आहेत; आणि ते शब्द केवळ सुचवण्यासाठी आहेत, काटेकोर अर्थासाठी नाहीत. प्राण्यांचेही तसेच. परग्रहावरून आणलेल्या किंवा माणसाने घडवलेल्या जनावराला मिळत्याजुळत्या नामशेष प्राण्याचे नाव दिलेले आहे. म्हणजे कोशातला अर्थ कथेत बसत नाही ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे, आणि तो बसू नये अशीच योजना आहे. एखादा शब्द पायदळातल्या शिपायासाठी आहे की घोडेस्वारासाठी, तो मानाचा आहे की हिणवण्याचा, एवढे वाक्यावरून समजले की त्या शब्दाचे काम झाले. तुमची शब्दांची वही आता बंद करा.

दुसरी गोष्ट तुमच्या सवयीची आहे, आणि ती मी जरा जपून सांगते, कारण ती सवय तुमच्या कामात सद्गुण आहे. न जुळलेली नोंद मागे ठेवायची नाही, ही लेखापरीक्षणातली शिस्त तुम्ही पुस्तकावर लावली. नारळीकरांच्या कथांनी ती शिस्त कधी मोडली नाही, उलट तिला बळ दिले. विज्ञान वाचकापर्यंत पोहोचवावे हा त्यांच्या लेखनाचा उघड हेतू होता, आणि म्हणून कृष्णविवर असो की काळप्रवास, त्यामागचे विज्ञान कथा संपेपर्यंत वाचकाच्या पदरात पडलेले असते. त्या कथांवर आपली एक अख्खी पिढी वाढली आणि त्याचे ऋण फार मोठे आहे. परंतु विज्ञानकथेने आपले विज्ञान समजावून सांगितलेच पाहिजे, ही अपेक्षा आपण त्या एका प्रकारावरून सगळ्या प्रकाराला लावली. वुल्फ स्वतः अभियंता होते, प्रिंगल्स वेफर्स तळणाऱ्या यंत्राच्या विकासात त्यांनी काम केले होते, आणि पुढे बरीच वर्षे ते अभियांत्रिकीच्या एका व्यावसायिक मासिकाचे संपादक होते. यंत्र कसे चालते हे सांगणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण ज्या जगात यंत्रे उरली आहेत आणि त्यांचे ज्ञान हरवले आहे, अशा जगातल्या माणसाच्या डोळ्यांनी त्यांना लिहायचे होते. सेव्हेरियनच्या संघाचा मनोरा आठवा. त्याच्या भिंती धातूच्या आहेत, आणि वर्णनाच्या ओघात मूळ वास्तूतल्या प्रणोदन कक्षाचा उल्लेख सहज येऊन जातो. तो मनोरा काय असावा, हे मी आता सांगत नाही. तुम्हाला ते सांगण्याची गरज नाही.

मराठीत आपण असे वाचन केलेलेच नाही, असेही नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ या पुस्तकातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घ कथा तुम्ही वाचल्या असतील. तो प्रदेश कोणता, तो काळ कोणता, तिथले विधी कोणत्या धर्माचे, असे विचारत कोणी त्या कथा वाचत नाही. आपण त्या माणसाच्या मागोमाग चालत राहतो आणि पुष्कळशा गोष्टींचा उलगडा न होताही मनावर ठसा उमटतो. तीच परवानगी या कादंबरीला द्या. मुखपृष्ठावर विज्ञानकथा असे लिहिले आहे म्हणून तिच्याकडून प्रत्येक गोष्टीची पावती मागू नका.

आता तुम्ही ज्या ठिकाणी थांबला आहात त्याविषयी. 1980 साली आलेल्या पहिल्या खंडात 35 प्रकरणे आहेत आणि तुम्ही 21व्या प्रकरणात, जंगलातल्या झोपडीपाशी अडला आहात. हे ठिकाण अवघड आहे यात संशय नाही. द्वंद्वयुद्धासाठी लागणारे विषारी फूल आणायला सेव्हेरियन आणि अ‍ॅजिया नेसस शहराच्या वनस्पती उद्यानात शिरतात. तिथल्या एका दालनात त्यांना झोपडी दिसते. आत एक बाई पुस्तकातून मोठ्याने वाचते आहे, तिच्यासोबत एक पुरुष आहे, आणि त्यांच्या बोलण्यावरून ती दोघे सेव्हेरियनपेक्षा आपल्याच काळाच्या जवळची वाटू लागतात. ती तिथे कशी आली, सेव्हेरियन त्यांना दिसतो की नाही, हे सगळे काचेआडून पाहिल्यासारखे राहते. पहिल्या खंडात याचा सरळ खुलासा होत नाही. तुम्ही मात्र तो मिळाल्याशिवाय पान उलटायचे नाही असे ठरवून तीन महिने त्या झोपडीच्या दारात उभ्या आहात. लगेच पुढच्या प्रकरणात कथानक पुन्हा वेग घेते आणि सबंध कादंबरीतले एक फार हृद्य पात्र प्रवेश करते. झोपडीच्या प्रकरणावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह करा आणि पुढे चला.

पुढे जायचे ठरलेच तर कसे जावे, तेही सांगते. अशाच एखाद्या पुस्तकापाशी थबकलेल्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडेल. या कादंबरीची प्रकरणे लहान आहेत. एका बैठकीला एक प्रकरण पुरे, पण ते मध्ये न थांबता, हातात पेन न घेता वाचावे. कामावरून दमून आल्यावर झोपण्यापूर्वी अर्धे पान वाचणे या पुस्तकाला मानवत नाही; त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, डोके ताजे असताना वाचलेले चांगले. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून वहीत तीनच ओळी लिहाव्या: कोण भेटले, आपण कुठे आहोत, आणि काय खटकले. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. तुमची चित्राविषयीची नोंद ही त्या तिसऱ्या ओळीचा उत्तम नमुना आहे. शब्दांऐवजी माणसांची नावे टिपत गेलात तर आणखी फायदा होईल, कारण या पुस्तकात माणसे एकदा भेटून नाहीशी होत नाहीत. शंभर पानांनी वेगळ्या वेषात, कधी वेगळ्या नावाने परत येतात, आणि ती ओळखण्यात फार मोठा आनंद आहे.

सेव्हेरियनविषयी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. आपण काहीही विसरत नाही असे तो वारंवार सांगतो. तरीही पहिल्याच पानावर तो घटनेच्या मधूनच सुरुवात करतो: नदीत बुडता बुडता वाचलो हे आधी सांगतो, आणि बुडण्याची हकिगत मागाहून येते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तर आपण पाठमोरे चालत सिंहासनापर्यंत पोहोचलो असे तो सांगून टाकतो. म्हणजे हे सगळे फार नंतर, सत्तेवर बसलेल्या माणसाने लिहिलेले आत्मवृत्त आहे, आणि अशा माणसाच्या आत्मवृत्तात काय सांगितले याइतकेच काय वगळले हेही पाहायचे असते. घटनेचे कारण समजले नाही की दोष आपला नाही, सांगणाऱ्याने ते दडवले असेल, असे आधी समजा. तुमचा लेखापरीक्षणातला अनुभव इथे खरोखर कामी येईल, कारण नोंद खरी असूनही हिशेब लपवता येतो हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

इंटरनेटवरच्या सारांशाविषयी तुम्हाला अपराधी वाटते. कोण कुठून कुठे गेले एवढे कळण्यासाठी, वाचून झालेल्या प्रकरणाचा सारांश पाहण्यात काहीही गैर नाही, आणि बऱ्याच दिवसांनी पुस्तक पुन्हा हाती घेताना तर तो अवश्य पाहावा. टाळायचे असेल तर पुढच्या प्रकरणांचे विवेचन टाळा. या कादंबरीवर चाळीस वर्षे चर्चा चालली आहे, आणि त्या चर्चेत प्रत्येक गूढाचे तीन तीन उलगडे तयार आहेत. ते आधी वाचले तर स्वतः ओळखण्यासारखे काही उरत नाही, आणि या पुस्तकातून ओळखण्याचा आनंद काढून टाकला तर नुसता शीण उरतो. दुसऱ्या खंडात मध्येच नाटकाची एक संहिता येते. ती पहिल्या वाचनात चाळून पुढे गेलात तरी चालेल, असे माझे मत आहे. तुमच्या भावाचे मत वेगळे असेल.

प्रत्येक अवघड विज्ञान कादंबरीला हाच उपाय लागू पडतो, असे मात्र समजू नये, आणि हे मी इतर वाचकांसाठी लिहिते आहे. काही पुस्तके परक्या जगाच्या संज्ञांनी अवघड झालेली असतात. फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 सालच्या ‘ड्यून’च्या शेवटी संज्ञांची सूची दिलेली आहे, तिथे बोट ठेवून वाचणे अगदी योग्य. काही पुस्तकांत विचारांचा भार असतो. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांच्या 1961 सालच्या ‘सोलारिस’मध्ये त्या ग्रहावरच्या महासागराविषयी शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडलेल्या सिद्धान्तांचा इतिहास पानेच्या पाने येतो, आणि तो सावकाश, पुन्हा मागे जाऊन वाचावा लागतो, कारण माणसाला ते कोडे सुटत नाही हे त्या पानांतूनच पटते. वुल्फ यांच्या पुस्तकात अडचण तिसरीच आहे. तिथे वाक्ये स्वच्छ आहेत आणि प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांचा एकमेकांशी असलेला धागा तेवढा झाकलेला आहे. आपल्या हातातले पुस्तक यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखले की अर्धी धडपड वाचते.

इतके सांगितल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते: सोडावे का?

सोडण्याची चांगली कारणे असतात, आणि ‘मला झेपले नाही’ याखेरीज दुसरे कोणतेही कारण तुम्ही पत्रात दिलेले नाही, म्हणून मी विचारते. हे पुस्तक यातना देणाऱ्या माणसाचे आहे. त्यात छळ आहे, शिरच्छेद आहे, आणि सांगणारा त्याविषयी शांतपणे बोलतो. त्याच्या नजरेतून येणाऱ्या स्त्रिया हा तर या कादंबरीवरच्या टीकेतला जुना आणि गंभीर मुद्दा आहे. ती नजर सेव्हेरियनची की लेखकाची, यावर वाद आहे. पण वाचणारीला ती सोसावी लागतेच. हे वाचताना तुमचे मन आक्रसत असेल, तर पुस्तक मिटवायला तेवढे कारण पुरेसे आहे आणि त्याचे स्पष्टीकरण भावालाही द्यावे लागू नये. कंटाळा हेही कारण पुरेसे आहे. अर्सुला ले ग्विन यांच्यासारख्या लेखिकेने वुल्फ यांची तुलना ‘मोबी डिक’ लिहिणाऱ्या मेल्व्हिलशी केली होती. अशी वाक्ये मुखपृष्ठावर आली की न आवडणे हा वाचकाला गुन्हा वाटू लागतो. तसे वाटून घेऊ नका. स्वतः वुल्फ यांची उत्तम कथेची व्याख्या अशी होती, की जाणत्या वाचकाला ती पहिल्यांदा वाचताना आनंद व्हावा आणि पुन्हा वाचताना तो आनंद वाढावा. पहिल्या वाचनातला आनंद त्यांनीही माफ केलेला नाही.

म्हणून स्वतःला एवढेच विचारा: न कळण्याने तुम्हाला पुढे ओढले, की नुसते थकवले? मिटल्यावरही पुस्तकातली एखादी गोष्ट दिवसा, लोकलमध्ये उभ्या असताना, आठवते का? तुमच्या वहीतले ‘पुढे बघणे’ हे दोन शब्द वाचून मला वाटते की ती ओढ होती आणि शब्दकोशाच्या कामाने ती दबली. पण हा माझा तर्क आहे. निर्णय करायला पहिल्या खंडाचा शेवट हे योग्य ठिकाण ठरेल. उरलेली प्रकरणे वर सांगितल्याप्रमाणे वाचलीत तर दोन महिन्यांत सहज तिथे पोहोचाल. आणि तिथे पोहोचल्यावर तुम्हाला दिसेल की सेव्हेरियन स्वतःच वाचकाशी बोलायला थांबतो. एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत मी तुला आणले, याहून पुढे माझ्यासोबत यायचे नसेल तर मी तुला दोष देणार नाही, हा रस्ता सोपा नाही, अशा अर्थाचे तो म्हणतो. इतकी उघड सूट फार थोडी पुस्तके देतात. तिथे थांबलात तर तुम्ही एक संपूर्ण खंड वाचून थांबलेल्या असाल. पुढे गेलात तर चौथ्या खंडातल्या एका प्रसंगासाठी जरूर जा: युद्धातल्या इस्पितळात जखमी सैनिक एकमेकांना गोष्टी सांगतात, आणि त्यांच्यातला शत्रूपक्षाचा एक कैदी आपली गोष्ट सांगतो. त्याच्या देशात सरकारमान्य वाक्यांखेरीज दुसरे बोलायलाच परवानगी नाही. त्या ठराविक, कोरड्या वाक्यांतूनच तो न्याय मागत फिरणाऱ्या एका साध्या माणसाची गोष्ट उभी करतो, आणि शेजारच्या खाटेवरची जखमी स्त्री एकेका वाक्याचा अर्थ इतरांना उलगडून सांगते. माझ्या मते सबंध कादंबरीतली ती सर्वांत सुंदर पाने आहेत.

आणि आता भावाविषयी. त्याच्याशी खोटे बोललात याचे तुम्हाला वाईट वाटते, पण तुम्ही ते का बोललात याकडे जरा पाहा. त्याने आपल्या जिवाभावाची वस्तू एवढ्या दुरून पाठवली आणि ती आपल्याला आवडली नाही असे म्हणणे म्हणजे त्यालाच नाकारणे, असे तुम्ही धरून चाललात. तो ‘कुठवर आलीस’ असे विचारतो तेव्हा त्याला पानाचा क्रमांक हवा असतो, असे मला वाटत नाही. परदेशात एकट्याने वाचलेल्या पुस्तकाविषयी आपल्या भाषेत, आपल्या माणसाशी बोलायला मिळावे, एवढीच त्याची इच्छा असणार. सारांश वाचून ‘छान आहे’ म्हटलेत तेव्हा तेच बोलणे खुंटले. ‘छान आहे’च्या पुढे तो काय विचारणार? उलट ‘मी त्या झोपडीपाशी अडले आहे आणि मला ते प्रकरण मुळीच झेपलेले नाही’ असे म्हणालात तर तो तासभर बोलेल. कदाचित त्यालाही ते पहिल्यांदा कळले नव्हते, हेही त्यातून निघेल.

येत्या रविवारी त्याला सरळ सांगा की गेले काही आठवडे मी पुढे गेल्याचे सांगत होते, पण गेले नव्हते, कारण तुझा विरस होईल असे वाटले. धाकटे भाऊ अशा गोष्टींवर आधी हसतात आणि मग विसरतात. त्यानंतर त्याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवा: तुम्ही जिथे आहात तिथून त्यानेही पुस्तक पुन्हा वाचायला घ्यावे, तुम्ही दोघांनी आठवड्याला दोन प्रकरणे वाचावी, आणि रविवारी प्रत्येकाने आपापली तिसरी ओळ, म्हणजे काय खटकले ते, वाचून दाखवावी. त्याला एक अट मात्र घाला. तुम्ही विचारल्याशिवाय त्याने कोणत्याही गूढाचे उत्तर सांगायचे नाही. फार तर ‘त्या पानावर पुन्हा जा’ एवढेच म्हणायचे. आवडते पुस्तक दुसऱ्याला देणाऱ्याला हे पथ्य पाळणे फार जड जाते, म्हणून अट आधीच ठरवलेली बरी. आणि पहिल्या खंडानंतर थांबावेसे वाटले तर तेही त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुढचे खंड पाठवण्याची घाई तो करणार नाही.

चित्राची गोष्ट त्याला मी सांगितल्याचे सांगू नका, हवे तर. तुमची पेन्सिलीची नोंद त्याला वाचून दाखवा आणि विचारा, पहिल्या वाचनात तुला तो कोण वाटला होता?